घरातली बंदूक, लायसन्स आणि आपले हक्क: अर्जापासून अपिलापर्यंत

घरातलं मोठं माणूस जातं, दिवसकार्य उरकतं आणि मग कोणाच्या तरी लक्षात येतं की माळ्यावर चादरीत गुंडाळलेली दुनळी पडलीये, सोबत बिस्किटाच्या डब्यात चार-सहा काडतुसं आणि लायसन्सचं ते जुनं पुस्तक, रिन्यूअलचे शिक्के एकावर एक मारलेलं. मग सल्ले सुरू होतात. एक काका म्हणतो राहू दे तशीच, कोणाला कळतंय. दुसरा म्हणतो पोलिसात देऊन टाक, परत मिळत नाही पण कटकट तरी जाईल. तिसऱ्याच्या ओळखीचा एक जण असतो जो "सगळं करून देतो". तिघांचंही ऐकू नका.

हे सगळं लिहायचं कारण एकच, बंदुकीच्या बाबतीत आपल्याकडे लोक कायदा सोडून बाकी सगळ्यांना विचारतात. कायदा दोनच ठिकाणी आहे, शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६, आणि २०१९ ला अधिनियमात मोठी दुरुस्ती झाली त्यामुळे तुमच्या वडिलांच्या वेळचे बरेच आकडे आता चालत नाहीत. अमेरिकेत बंदूक बाळगणं हा तिथल्या राज्यघटनेतला हक्क आहे, १७९१ पासून. आपल्याकडे तसं काही नाही, सुप्रीम कोर्टाने २०२३ मधे यूपीच्या एका केसमधे हे स्पष्ट बोलूनही दाखवलं. आपल्याकडे लायसन्स आहे तर बंदूक आहे. पण याचा अर्थ लायसन्सवाल्याला किंवा अर्ज करणाऱ्याला काहीच हक्क नाहीत असा अजिबात नाही, उलट बरेच आहेत, फक्त ते कागदावर मागावे लागतात, टेबलासमोर उभं राहून तोंडी मागितले तर मिळत नाहीत.

मागे राहिलेली बंदूक

लायसन्स माणसाच्या नावावर असतं, घराच्या नावावर नाही. माणूस गेला की त्या क्षणापासून ती बंदूक घरात ठेवायचा कोणालाच अधिकार उरत नाही, बायकोला नाही आणि मोठ्या मुलालाही नाही. अधिनियमाचं कलम २१ सांगतं की अशी बंदूक उगाच उशीर न करता जवळच्या पोलीस स्टेशनला किंवा लायसन्सधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायची. "उगाच उशीर न करता" म्हणजे तेराव्यानंतर बघू असं कोणी म्हटलं तर समजून घेतात, पण वर्षश्राद्ध झालं तरी बंदूक माळ्यावरच, हे चालत नाही, कारण तोवर ती बेकायदा शस्त्र झालेली असते आणि विनालायसन्स बंदुकीला कलम २५ खाली आता कमीत कमी २ वर्षं ते ५ वर्षं शिक्षा आहे. आधी १ ते ३ होती, २०१९ ला वाढवली.

पोलीस स्टेशन की डीलर? माझं मत विचाराल तर डीलर. महिन्याला थोडं भाडं घेतो पण नळीला तेल लावून ठेवतो. पोलीस स्टेशनच्या मुद्देमाल खोलीत चोरीच्या मोटरसायकलचे पार्ट आणि दारूचे कॅन यांच्या शेजारी तुमची बंदूक दोन पावसाळे काढते आणि मग परत घेताना चाप पण हलत नाही, याला कोणी मुद्दाम करतं असं नाही पण होतं असं. तालुक्याला डीलर नसेल तर अर्थातच पोलीस स्टेशन. कुठेही द्या, पावती घ्या, आणि पावतीवर बंदुकीचा प्रकार, बोअर (म्हणजे नळीच्या छिद्राचं माप), मेक, नंबर आणि काडतुसं किती हे लिहून घ्या. नुसतं "एक बंदूक जमा" अशी पावती घेऊन घरी येऊ नका.

नंबरचं जरा नीट सांगतो कारण सगळ्यात जास्त फाइली इथे अडकतात. दुनळी मधून उघडली की नळ्यांच्या खालच्या चपट्या भागावर बारीक कोरलेला नंबर दिसतो, तोच बहुतेक वेळा खाली चापाच्या कडीजवळही असतो. हा नंबर लायसन्सच्या पुस्तकातल्या नंबरशी एकेक आकडा करून ताडून बघा, डीलरच्या समोरच. जुनी पुस्तकं हाताने लिहिलेली, मराठीतला १ आणि ९ सारखाच काढायची काही कारकुनांची सवय, नाहीतर कोणीतरी कॅटलॉग नंबरच सीरियल नंबर म्हणून चढवून ठेवलेला. तीस वर्षं कोणाला काही वाटलं नाही, रिन्यूअल होत गेलं, पण वारसाच्या अर्जाच्या वेळी पोलीस बंदूक प्रत्यक्ष बघतात आणि मग प्रश्न येतो की पुस्तकातली बंदूक कुठंय आणि ही कुठून आली. फरक दिसला की लगेच लायसन्स शाखेला लेखी अर्ज द्या, सोबत जुनी खरेदीपावती असेल तर ती, डीलरचं पत्र, आणि दुरुस्ती मागा. स्वतः पेनाने पुस्तकात काही करायला जाऊ नका, कृपा करून.

मग वारसाचा अर्ज. शस्त्र नियमांतल्या नियम २५ मधे हे आहे, दोन वाटा आहेत. एक म्हणजे लायसन्सधारक वारल्यावर वारसाने अर्ज करायचा. आणि दुसरी वाट जी लोकांना माहितच नसते, की लायसन्सधारक हयात असतानाच, त्याचं वय ७० झालं किंवा बंदूक बाळगून २५ वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा, तो स्वतःच एखाद्या वारसाचं नाव सुचवून त्याच्या नावावर लायसन्स करून द्यायला सांगू शकतो. घरात वडील पंच्याहत्तरीचे असतील तर आजच हा विषय काढा, त्यांची सही असताना जे काम सोपं आहे ते नंतर तीन भावंडांची एनओसी गोळा करत बसण्यापेक्षा कितीतरी बरं. वारल्यानंतरच्या अर्जाला मृत्यूचा दाखला, वारसांचा कागद, बाकीच्या वारसांची ना-हरकत, इन्डेम्निटी बाँड (पुढे वाद झाला तर जबाबदारी माझी, असं हमीपत्र), जुनं लायसन्स आणि बंदूक जमा केल्याची पावती हे लागतं. लग्न होऊन गेलेल्या बहिणीची सही राहिली म्हणून फाइल परत येते, तिला विसरू नका.

आणि वारस म्हणून अर्ज केला म्हणजे लायसन्स मिळालंच असं नाही, पात्रता बाकी सगळ्यांसारखीच बघतात. वय २१ पूर्ण, पोलीस रिपोर्ट साफ, ट्रेनिंग, मेडिकल, सगळं. नाही मिळालं किंवा नकोच असेल तरी बंदूक सरकारजमा होऊ द्यायची गरज नाही, ती मालमत्ता तुमचीच आहे, ज्याच्याकडे लायसन्स आहे अशा माणसाला किंवा डीलरला विकता येते, कलम २१ मधेच तो हक्क दिलाय. फक्त जमा केल्यावर मुदत असते, ती संपेपर्यंत काहीच हालचाल केली नाही तर मात्र जाते.

वाड्यात भिंतीवर टांगलेली पणजोबांची गंजकी बंदूक असते ना, जिची नळी बुजलेली, घोडा तुटलेला, तिच्यासाठी कलम ४५ बघा. जुन्या घाटाची किंवा मोडकी आणि दुरुस्त करूनही न चालणारी शस्त्रं कायद्यातून वगळलीयेत. पण ती चालत नाही हे तुम्ही ठरवायचं नाही, डीलरकडून किंवा पोलिसांकडून लेखी घ्या आणि तो कागद त्या बंदुकीपेक्षा जास्त जपून ठेवा.

नवीन लायसन्स काढायचं असेल तर

कुठे जायचं ते तुमचा पत्ता ठरवतो. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहता (मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर, नाशिक वगैरे) तर पोलीस आयुक्त हे लायसन्स देणारे, बाकी जिल्ह्यात जिल्हाधिकारी, ते जिल्हादंडाधिकारी म्हणून. गोव्यात उत्तर आणि दक्षिण गोव्याचे जिल्हाधिकारी. फॉर्म ए-१, तो राष्ट्रीय पोर्टलवर भरला जातो, तिथेच तुमचा युनिक नंबर म्हणजे यूआयएन पडतो. हा यूआयएन नसलेलं लायसन्स आता वैध धरत नाहीत, त्यामुळे घरातलं जुनं लायसन्स असेल तरी त्यावर तो आहे का हे बघून घ्या.

सोबत पांढऱ्या बॅकग्राउंडचे फोटो, वयाचा पुरावा, आधार, राहण्याचा पुरावा, आणि तीन एस फॉर्म. एस-१ म्हणजे शस्त्र हाताळणीचं ट्रेनिंग घेतल्याचं सर्टिफिकेट, एस-२ म्हणजे सुरक्षित ठेवण्याची हमी, एस-३ मेडिकल. ट्रेनिंगला कंटाळू नका, उलट मी म्हणेन कागदापुरतं करू नका, खरंच करा. आयुष्यात कधी बंदूक हातात न धरलेला माणूस रिव्हॉल्व्हर घ्यायला निघतो आणि सगळ्यात आधी स्वतःच्याच मांडीवर रोखतो, हे ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी बघायला मिळतं.

आता खरी अडचण, कारण. कलम १३ मधे म्हटलंय की योग्य कारण असल्याची लायसन्स देणाऱ्याची खात्री पटली पाहिजे. २० इंचाहून कमी नसलेल्या नळीची साधी बिनआट्याची (आतून गुळगुळीत नळीची) बंदूक, म्हणजे आपली बारा बोअर, स्वसंरक्षण किंवा खेळासाठी मागितली, किंवा पिकाच्या रक्षणासाठी ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू भरायची) मागितली तर कायद्याची भाषा तुमच्या बाजूने बरीच सैल आहे. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरला मात्र कारण ठोस लागतं. "जिवाला धोका आहे" एवढं एक वाक्य लिहून अर्ज करणारे शेकड्याने असतात आणि शेकड्याने परत जातात. धोका असेल तर तो दाखवा: कधी कोणाविरुद्ध तक्रार दिली, एनसी (अदखलपात्र तक्रार) किंवा एफआयआरची कॉपी, रोकड घेऊन जायचा धंदा असेल तर बँकेचे उतारे, आयटी रिटर्न, फार्महाउस वस्तीपासून लांब असेल तर सातबारा आणि नकाशा. नियम १२ मधे ज्यांचा विचार करायचा त्यांची यादीच दिलीये, धंदा-नोकरीच्या स्वरूपामुळे संरक्षणाची गरज असलेले, नेमबाज, आणि सैन्य, निमलष्करी दल किंवा पोलिसात असलेले वा राहिलेले. तुम्ही यातल्या कशात बसता ते अर्जात पहिल्याच परिच्छेदात लिहा, अधिकाऱ्याने शोधत बसायची अपेक्षा ठेवू नका.

आणि इस्टेट नाही म्हणून लायसन्स नाही, असं कोणी सांगितलं तर ते चूक आहे. कलम १४ (२) मधे स्पष्ट लिहिलंय की पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून नकार देता येत नाही.

केस असेल तर लपवू नका. जुनी भांडणाची केस, सुटलेली, मिटवलेली, काहीही, लिहा. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात तुरुंगवासाची शिक्षा झालेल्याला शिक्षा संपल्यावर पाच वर्षं लायसन्स मिळत नाही, शांतता राखण्याचा बाँड लिहून दिलेला असेल तर तो संपेपर्यंत मिळत नाही. पण निव्वळ एक केस झाली होती म्हणून दार कायमचं बंद असं नसतं. लपवलेली केस नंतर सापडली तर मात्र कलम १७ खाली माहिती दडवल्याच्या कारणावरून आलेलं लायसन्सही जातं.

अर्ज गेला की तुमच्या पोलीस स्टेशनला चौकशी येते. शेजारी विचारतात, रेकॉर्ड बघतात, काही जिल्ह्यांत प्रांत-तहसीलदारांचाही अभिप्राय मागवतात. नियमात पोलिसांना अहवालासाठी ३० दिवस आणि अहवाल आल्यावर साध्या प्रकारच्या शस्त्राच्या अर्जावर निर्णयाला ६० दिवस दिलेत. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हाला माहितीये. म्हणून अर्जाची पोच, पोर्टलचा नंबर, आणि मुदत उलटली की एक साधं स्मरणपत्र आवक नंबर घेऊन द्या. कलम १३ मधे असंही आहे की पोलीस अहवाल मुदतीत आला नाही तर त्याची वाट न बघता अधिकारी निर्णय घेऊ शकतो. "शकतो" आहे, "घेईलच" नाही, पण स्मरणपत्रात त्या कलमाचा उल्लेख केला की फाइल टेबलावरून हलते एवढं नक्की. तरीही नाही हलली तर माहिती अधिकारात फाइल कोणाकडे कधीपासून आहे एवढंच विचारा.

नाकारलं तर

इथे बहुतेक लोक सोडून देतात. नकार लेखीच द्यावा लागतो आणि कारणं नोंदवावी लागतात, तुम्ही मागितली की ती थोडक्यात तुम्हाला द्यावीही लागतात, अपवाद फक्त जिथे कारण सांगणं लोकहिताच्या विरुद्ध आहे असं त्यांचं म्हणणं असेल. हे कलम १४ (३). "वरून नाही म्हटलंय" हे कारण नव्हे. "आता पिस्तूलचं लायसन्स देतच नाहीत" हेही नव्हे.

हातात आदेश पडला की ३० दिवसांत अपील, कलम १८. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे, पोलीस आयुक्तांच्या आदेशावर राज्य सरकारकडे म्हणजे गृह विभागाकडे. अपिलात रडगाणं लिहू नका, आदेशातलं एकेक कारण घ्या आणि त्याला कागदाने उत्तर द्या. पोलीस रिपोर्टमधे "धोका दिसून येत नाही" एवढंच असेल तर तुम्ही दिलेल्या तक्रारींच्या कॉपी बघितल्या का हाच मुद्दा. अपिलात नुसत्या वशिल्याने मिळालेली लायसन्सही महाराष्ट्रात गाजलीयेत आणि नंतर अंगाशी आलीयेत, त्या वाटेला जाऊ नका. अपील फेटाळलं तर हायकोर्टात रिट.

लायसन्स निलंबित किंवा रद्द केलं तरी हाच रस्ता. बंदूक मात्र आधी जमा करा आणि मग भांडा, बंदूक घरात ठेवून भांडायला गेलात तर केस वेगळीच होते.

मिळाल्यावर काय करायचं, काय नाही

पुस्तक हातात आलं की आधी सगळं वाचा. कोणतं शस्त्र, कोणता बोअर, एका वेळी किती काडतुसं, वर्षभरात किती, कोणत्या हद्दीत चालतं आणि खरेदी कधीपर्यंत करायची, सगळं त्यावर असतं. पुण्यातला माणूस बंदूक घेऊन बेळगावला लग्नाला जातो आणि लायसन्स महाराष्ट्रापुरतंच असतं, मग चेकनाक्यावर "अहो पण माझ्याकडे लायसन्स आहे" म्हणून काही होत नाही. ९ एमएम वगैरे बोअर प्रतिबंधित आहेत, सामान्य माणसाला पॉइंट ३२ चं रिव्हॉल्व्हर-पिस्तूल, बारा बोअर, पॉइंट ३१५ रायफल, पॉइंट २२ अशातलंच घ्यायचं. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं पॉइंट ३२ आणि ईशापूरची पॉइंट ३१५ हे वर्षानुवर्षं लोक घेत आलेत.

आता जास्तीत जास्त दोन बंदुका, वारसाने आलेली धरून. आधी तीन चालायच्या, डिसेंबर २०१९ ला दोन झाल्या आणि तिसरी जमा करायला एक वर्ष दिलं होतं, ते कधीच संपलं. नेमबाजांना वेगळी सूट आहे, नामांकित खेळाडूंना इव्हेंटप्रमाणे १२ पर्यंत. कोल्हापूरकडे ऑलिम्पिकच्या ब्राँझनंतर स्वप्निल कुसाळेचं नाव घेत पोरं रेंजवर येतात, त्यांच्या आईबापांनी एवढं लक्षात ठेवावं की सुरुवात एअर रायफलवर होते, पॉइंट १७७ ची आणि २० ज्यूलच्या आतली असेल तर तिला लायसन्स लागत नाही. त्याच्या वरची लागते, दुकानदार काहीही म्हणो.

लायसन्सची मुदत आता पाच वर्षं, आधी तीन होती. संपायच्या दोन-अडीच महिने आधीच रिन्यूअलचा अर्ज टाका. पोच जपा.

घरात बंदूक रिकामी करून कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि किल्ली देवघरातल्या डब्यात नाही जिथे ती सगळ्या घराला माहितीये. बाहेर नेताना पिस्तूल होल्स्टरमधे, लांब बंदूक कव्हरमधे, पूर्ण झाकलेली, नियम ३२. कमरेला दिसेल अशी लावून बुलेटवरून फिरणं, स्टेटसला फोटो, वाढदिवसाला हवेत बार, हे सगळं लायसन्स घालवायचे हमखास मार्ग. लग्नात किंवा वरातीत गोळी झाडली तर २०१९ पासून वेगळा गुन्हा आहे, २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, कोणाला लागली नाही तरी. (तलवारीने केक कापणाऱ्या भाऊंवर पण याच कायद्याखाली केसेस होतात, तो विषय वेगळा.)

तुमची बंदूक तुमच्या भावाने "जरा नेतो" म्हणून नेली तर दोघंही अडकता. एक सूट आहे ती कामाची, कलम ३ मधे, की दुरुस्तीला किंवा रिन्यूअलला बंदूक न्यायची असेल तर तुमच्या समक्ष किंवा तुमच्या लेखी अधिकारपत्रावर बिनलायसन्सचा माणूसही ती नेऊ शकतो. वडील अंथरुणाला आहेत आणि पोलीस स्टेशनला बंदूक दाखवायचीये तर कोऱ्या कागदावर बंदुकीचा नंबर, कशासाठी, कुठे, कोण नेतोय, तारीख आणि वडिलांची सही, सोबत लायसन्सचं पुस्तक, एवढं घेऊन निघा आणि वाटेत हॉटेलात थांबू नका.

विमानतळावर दर थोड्या दिवसांनी कोणीतरी बॅगेतल्या एका काडतुसासाठी पकडलं जातं, रेंजवरून आल्यावर बॅगेच्या कप्प्यात राहिलेलं. माहितीच नव्हतं हे कोर्टात टिकतं, जाणीवपूर्वक ताबा नव्हता म्हणून हायकोर्टांनी असे एफआयआर रद्दही केलेत, पण तोवर विमान गेलेलं असतं, रात्र चौकीत जाते आणि वकिलाची फी वेगळी. रेंजची बॅग आणि प्रवासाची बॅग कायमची वेगळी ठेवा.

शेतीसंरक्षणाची बंदूक

कोकणात हा विषय पिढ्यानपिढ्याचा. डुक्कर एका रात्रीत भाताचा कुणगा लोळवून जातं, वांदर नारळ-सुपारी-काजू काही ठेवत नाही. कलम १३ मधे पिकाच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची खास तरतूद आहे, आणि ठासणीची पुरेशी नाही असं पटवून दिलं तर दुसरी बिनआट्याची बंदूकही देता येते. अर्जाला सातबारा, पीकपाहणीची नोंद, आणि मुख्य म्हणजे वन विभागाकडे नुकसानभरपाईसाठी केलेले अर्ज आणि पंचनामे जोडा. नुकसान होतं म्हणायचं आणि पंचनामा एकही नाही, तर चौकशीला येणारा हवालदार काय लिहिणार?

पण ही बंदूक म्हणजे शिकारीचं परमिट नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली रानडुक्कर असो की रोही (नीलगाय), मारायचं तर वन विभागाची वेगळी लेखी परवानगी लागते, पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावरासाठी तसा अर्ज करता येतो. परवानगी नसताना हवेत बार काढून पळवून लावणं आणि डुक्कर पाडून वाटे घालणं यात फरक आहे, दुसऱ्यात बंदूक तर जातेच, तुम्हीही जाता.

निवडणूक आली की

आचारसंहिता लागली की पोलीस पाटील किंवा बीट हवालदाराचा फोन येतो, बंदूक जमा करा. सरसकट सगळ्यांना. इथे तुमचा हक्क आहे आणि तो आपल्याच मुंबई हायकोर्टाने, गोव्यातल्या लायसन्सधारकांच्या याचिकेवर मान्य केलेला आहे. त्यानंतर निवडणूक आयोगाच्या सूचनाही तशाच आहेत की जिल्ह्यात एक छाननी समिती बसते, जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांची, आणि ती एकेक लायसन्स बघून ठरवते कोणाची बंदूक जमा करायची, म्हणजे जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांचा इतिहास असलेले, आधी दंगलीत नाव आलेले वगैरे. खेळाडू आणि बँकेच्या सुरक्षारक्षकांना तर वगळायचंच असतं.

तेव्हा फोन आला की भांडू नका, लेखी नोटीस मागा. ती मिळाली आणि तुम्हाला खरी गरज असेल, डुकरांचा त्रास ऐन भरात आहे किंवा धमकीची तक्रार ताजी आहे, तर त्याच दिवशी छाननी समितीच्या नावाने सूट मागणारा अर्ज द्या, पुराव्यासकट. सूट मिळाली नाही तर मुदतीत जमा करा, न केल्यास केस होते. पावती घ्या, परत घेताना नळी-दस्ता बघून सही करा. निकालानंतर आठवडा झाला की परत द्यायची असते, आपणहून कोणी बोलावत नाही, आठवड्याने पावती घेऊन तुम्हीच जा. ग्रामपंचायत, झेडपी, विधानसभा, लोकसभा मिळून दर वर्षा-दोन वर्षांनी हे आहेच, म्हणून जुन्या पावत्यांची एक फाइलच करून ठेवा. कर्नाटकात कोडगूच्या कोडवा लोकांना बंदुकीच्या लायसन्समधूनच सूट आहे, २०२९ पर्यंत वाढवलेली, त्यांची गोष्ट निराळी, ते पुढे करून आपल्या तहसीलला वाद घालून काही मिळत नाही.

गोळी झाडायची वेळ आली तर

लायसन्स बंदूक बाळगायचं आहे, झाडायचं नाही. झाडणं योग्य की नाही ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ वर ठरतं, आधी आयपीसीत ९६ ते १०६ होती तीच. जीव जाईल किंवा गंभीर इजा होईल अशी रास्त भीती, बलात्काराचा किंवा अपहरणाचा हल्ला, जबरी चोरी, रात्रीची घरफोडी अशा प्रसंगात बचावाचा हक्क समोरच्याचा जीव जाण्यापर्यंत जाऊ शकतो. नुसती चोरी किंवा कुंपणात घुसणं याला तो एवढा ताणता येत नाही. गरजेपेक्षा जास्त इजा नाही, आणि पोलिसांना बोलवायला वेळ होता तर हक्कच नाही. पळून जाणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी, हा बचाव नव्हे. जमिनीच्या वादात बांधावर बंदूक घेऊन नुसतं उभं राहिलात तरी लायसन्स रद्द व्हायला पुरेसं आहे, आणि बांधाच्या भांडणातच ती सगळ्यात जास्त बाहेर निघते.

झाडलीच तर ११२ ला लगेच फोन, बंदूक आणि रिकामं काडतूस जसंच्या तसं पोलिसांच्या ताब्यात, आणि वकील आल्याशिवाय लांबलचक जबाब नाही.

नकोशी झाली तर

मुलं शहरात, रेंजवर कोणी जात नाही, रिन्यूअलच्या चकरा नकोत. सरळ विकून टाका. स्वतःची बंदूक दुसऱ्या लायसन्सधारकाला विकता येते, कलम ५, फक्त आधी जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस स्टेशनला लेखी कळवायचं, कोणाला विकतोय त्याचं नाव-पत्ता आणि बंदुकीचा तपशील देऊन, आणि कळवल्यापासून ४५ दिवस उलटल्यावरच ताबा द्यायचा. घेणाऱ्याचं लायसन्स स्वतः डोळ्यांनी बघा, त्यावर त्या बोअरची जागा मोकळी आहे का बघा. डीलरला दिलीत तर किंमत पडेल पण कागदपत्रं तो करतो. विकल्यावर तुमच्या लायसन्सवरून ती बंदूक कमी झाल्याची नोंद करून घ्या, दुसरी बंदूक नसेल तर पुस्तकच जमा करा आणि जमा केल्याचा कागद घ्या, नाहीतर पुढच्या निवडणुकीत बीट हवालदार परत तुमच्याच दारात, बंदूक कुठंय म्हणून.